गुडघ्याला वर्ष पुरत नाही

प्रिय उत्तरेश्वर,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस, म्हणून हा कागद. तुझ्या आईच्या हातात देणार आहे, म्हणजे निदान उघडशील. परवाच कात्रजला तुमच्याकडे येऊन गेले. तू डॉक्टरांकडे गेलास म्हणे. खरंच गेला होतास की माझी चाहूल लागून गच्चीवर जाऊन बसलास, ते मी विचारलं नाही.

ऑफिसात नव्या गेमची घाई आहे. दर वर्षी याच सुमाराला आमच्या क्रिकेटच्या गेमची नवी आवृत्ती निघते आणि दर वर्षी मी विचारते, की ही दर वर्षी काढायची कशाला? दिवाळी अंकही वर्षानेच येतो, पण त्यात निदान मजकूर नवा असतो. नवी विटी नवं राज्य म्हणतात. आमच्याकडे विटीही जुनीच, जर्सीचा रंग तेवढा नवा. बुधवार पेठेतल्या दुकानांत गेल्या वर्षीच्या डिस्कचा ढीग पडलाय, तरी पोरं नव्याची वाट बघतात. आमचे प्रमुख जयसिंग सर म्हणाले, खेळाडू दर वर्षी बदलतात, मग गेम बदलायला नको का? आणि ते बदल करायचं काम माझंच.

तुमच्या क्लबच्या मॅचना मी स्कोअर लिहायचे, त्यावरच तर ही नोकरी मिळाली. काम हे, की खऱ्या खेळाडूंना गेमसाठी गुण द्यायचे: फलंदाजीला इतके, धावण्याला इतके. तू राज्याच्या संघात आलास तेव्हा तुझ्या धावण्याला मी सगळ्यांत जास्त दिले. त्यात पक्षपात नव्हता. एकाच्या दोन काढताना समोरचा धापा टाकायचा आणि तू माझ्या टेबलाकडे बघून हसायचास. त्या हसण्यापायी एकदा माझ्याकडून तुझीच एक रन लिहायची राहिली, आणि पुढे किती दिवस तू त्यावरून मला छळलंस.

मग गुडघा गेला. आमच्याकडे नियम असा, की आख्खा मोसम न खेळलेल्याचं नाव नव्या गेममधून काढायचं. हाच गेम दोन वर्षांनी निघाला असता तर तुला उभं राहायला उसंत मिळाली असती. वर्षात जर्सी बदलते रे, गुडघा बरा होत नाही. हे मी सरांना सांगितलंही. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षीच्या गेममध्ये घेऊ.

परवा मी तेच सांगायला आले होते. काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या. शेजारच्या पूर्णिमाने त्यांना गेल्या वर्षीचा गेम लावून दिला होता आणि पडद्यावर तू पॅड बांधून धावत होतास, जरासुद्धा न लंगडता. काकू नजर न काढता म्हणाल्या, "हितं तरी पळतंय माझं लेकरू." मी चहा घेतला आणि तुझं नाव निघणार हे न सांगताच निघाले.

दुसऱ्या दिवशी तुझं नाव मी तसंच ठेवलं. गुणही तेच. सरांनी आधार विचारला, तर म्हटलं, तो नेटमध्ये सराव करतोय. धादांत खोटं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. जेवताना उठते, पुन्हा बसते, आई विचारते काय झालं. झालंय असं, की सर रविवारी सकाळी कर्वेनगरच्या मैदानावर तुला स्वतः बघायला येणार आहेत. त्यासाठी हे पत्र. धावता येत असेल तर ये. आता कधीच येणार नसेल तर तेही तूच मला सांग. मी माझ्या हाताने नाव काढीन, काकूंनाही मीच समजावीन, माझी नोकरी जायची ती जाईल. पण मैदानावर ये. काठी टेकत आलास तरी ये. मला तू हवा आहेस. हे परवा काकूंना सांगून टाकलं नाही, एवढे उपकार समज.

तुझीच,
आम्रपाली