दहावे अर्पणपत्र

चोआ चू कांग, सिंगापूर
बुधवार, दिनांक ३० एप्रिल २०१४
सकाळचे सव्वादहा

लिहून घेणार : प्रणिता मनोहर जवळकर, हल्ली मुक्काम यिशुन.

लिहून देणार : मी, मनोहर गोविंद जवळकर, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा अर्जनवीस, हल्ली निवृत्त, मूळ राहणार सासवड, हल्ली मुलाच्या घरी. मामलेदार कचेरीच्या आवारात चाळीस वर्षे बसून मी लोकांची खरेदीखते, बक्षीसपत्रे व वाटणीपत्रे लिहिली. मजकुरात खोट निघाली म्हणून त्यांपैकी एकही दस्त परत आला नाही. ही बढाई नव्हे, नोंद आहे.

चि. प्रणिता हिस अनेक आशीर्वाद.

नावामागे 'सौ.' लिहावे किंवा कसे, याचा बराच विचार केला आणि तेवढी जागा मोकळी सोडली. अकरा वर्षांत तुझे नाव मी कागदावर लिहिले नाही, तोंडानेही घेतले नाही. आज लिहितो आहे. अक्षर बिघडलेले नाही, हे तू पाहशीलच.

येथील सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. माझा डावा गुडघा दुखतो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत काही चिनी गृहस्थ रोज सोंगट्या मांडून बसतात. त्यांच्यातील एकाशी माझी मान डोलावण्यापुरती ओळख झाली आहे. माझी नात जाई पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत जात होती. सूनबाई नंदा नेहमीप्रमाणे कमी बोलते.

हे पत्र तुझ्याखेरीज पोलिसांसमोरही वाचले जाण्याचा संभव आहे. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही क्रमाने लिहितो.

आपले घराणे तीस वर्षे 'आप्तकुल' या पंथात होते. पंथाच्या प्रमुखांस आप्तगुरू म्हणतात. ज्या घरावर त्यांची कृपा होई, त्या घराने आपली कन्या त्यांच्या चरणी अर्पण करावी, अशी रीत होती. अर्पण झालेली कन्या 'माई' होई. थोरल्या माई या कायद्याने पत्नी. बाकीच्या दुसऱ्या माई, तिसऱ्या माई, अशा क्रमाने. मुले सर्वांना झाली, मात्र लग्न कोठेही नोंदले गेले नाही. अर्पणानंतर बापानेही मुलीला वाकून नमस्कार करावयाचा, 'अहो माई' म्हणावयाचे, आणि तिचे पूर्वीचे नाव उच्चारावयाचे नाही. तू पाचव्या माई झालीस, तेव्हा तेवीस वर्षांची होतीस.

अर्पणाच्या वेळी बापाने पत्र लिहून द्यावे लागे. पुष्कळ बाप माझ्याहून शिकलेले होते, इंजिनियर होते, बँकेत होते. परंतु त्यांना मजकूर बांधता येत नसे. आप्तगुरू भर सभेत म्हणाले, "लिहावं ते जवळकरांनीच. चौथी शिकलेला माणूस, पण कागद असा बांधतो की फट राहत नाही." तो दिवस मी पुष्कळ वर्षे मनात जपला. तुझे पत्र मी लिहिले. त्यानंतर इतर आठ बापांची लिहिली. एकूण नऊ.

तुझ्या आईस साक्षीदार म्हणून सही करण्यास सांगितले होते. तिने लेखणी हातात घेतली, पत्र शेवटपर्यंत वाचले, आणि लेखणी खाली ठेवली. मला म्हणाली, "अहो, हे तर सातबाऱ्यासारखं लिहिलंय तुम्ही." मी तिला सर्वांदेखत उठून जाण्यास सांगितले. त्यानंतर ती दोन वर्षे जगली. त्या पत्राविषयी आम्ही पुन्हा बोललो नाही.

पुढे मी येथे तुझा भाऊ रोहन याच्याकडे आलो, आणि आप्तगुरूंनीही टॅम्पिनीस येथे शेजारशेजारचे दोन फ्लॅट शिष्यांच्या नावे भाड्याने घेऊन मठ मांडला. निशिकांत नावाच्या शिष्याची पत्नी असे कागदोपत्री दाखवून तुला येथे आणले गेले.

आता २००९ सालच्या ऑगस्ट महिन्याविषयी.

दुपारी तीनच्या सुमारास तू या दाराशी आलीस. पायांत काही नव्हते. माईंची पादत्राणे थोरल्या माई कपाटात कुलपात ठेवीत, हे मला नंतर कळले. टॅम्पिनीसहून जुरॉंग ईस्टला गाडी बदलून, अनवाणी, तू एकटी आली होतीस. काही वेळाने निशिकांत व थोरल्या माई आले आणि तुला घेऊन गेले.

वरील परिच्छेद मी पुन्हा वाचला. यात खोटे काही नाही, परंतु दस्त म्हणून तो सदोष आहे. 'काही वेळाने' या शब्दांत एक कृत्य झाकले आहे. ते उघड करतो.

तू म्हणालीस, "बाबा, मला आत घ्या. बाकी काही नको."

मी म्हणालो, "बसा, माई."

तू म्हणालीस, "एकदा नावानं हाक मारा हो. मी प्रणिता आहे. बाबा, बघा ना माझ्याकडे."

मी पाहिले. तुझ्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत डागांची ओळ होती. जळता कापूर हातावर ठेवला की असे डाग पडतात. काही जुने होते, दोन ओले होते. मी पाहिले, समजलो, आणि म्हणालो, "हळद लावा." मग आतल्या खोलीत जाऊन मठात फोन केला. निशिकांत आपणहून आला नाही. त्याला मी बोलावले.

का, याचे कारण लिहितो. ते तुला पटावे अशी अपेक्षा नाही.

शेतजमिनीच्या खरेदीखतात शेवटी एक कलम घालतात : पुढेमागे कोणी हरकत घेतल्यास तिचे निवारण लिहून देणाऱ्याने स्वखर्चाने करून द्यावे. हे कलम असले म्हणजे घेणारा निर्धास्त होतो. तुझ्या अर्पणपत्रात तसे काही नव्हते. मजकूर मला अपुरा वाटला. म्हणून मी आपल्या बुद्धीने पुढील ओळ घातली : 'सदर कन्या कोणत्याही कारणाने परत आल्यास तिला ठेवून न घेता त्याच दिवशी आपल्या चरणी पोहोचती करीन.' ही ओळ कोणीही सांगितलेली नव्हती. आप्तगुरूंनी ती दोनदा वाचली व पाठीवर हात ठेवला. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात ती आली. नऊ मुलींच्या माहेरची दारे त्या एका ओळीने बंद झाली. प्रणिता, ती ओळ माझी आहे.

तू दाराशी उभी होतीस तेव्हा मला मुलगी दिसली नाही. माझा दस्त परत आलेला दिसला.

त्यानंतर तुला चाळीस दिवस 'मौनात' ठेवले, म्हणजे बंद खोलीत, कोणीही बोलावयाचे नाही, ताट दाराच्या फटीतून. दिवाळीच्या पूजेस तू दिसलीस, तेव्हा ओठ हलत होते आणि शब्द बाहेर येत नव्हता. मी वाकून नमस्कार केला व प्रसाद घेतला. सातवे पत्र ज्या मीनलचे लिहिले, ती तीन वर्षांपासून मौनात आहे असे सांगतात. ती कोणाच्याही दृष्टीस पडलेली नाही. तिचे वडील मला विचारतात. मी काय सांगणार?

दोन वर्षांपूर्वी तू पुन्हा निघालीस. या खेपेस माझ्या दाराशी आली नाहीस. ते योग्य केलेस.

आता तातडीचे.

परवा शुक्रवारी अक्षय्यतृतीया आहे. गेल्या आठवड्यात रोहन जाड कागद व तांबड्या शाईचे पेन घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "बाबा, पाचव्या माईंची जागा दोन वर्षं रिकामी आहे. आप्तगुरू म्हणतात, ज्या घरानं ती रिकामी केली, त्याच घरानं भरायची. जाईचं पत्र लिहा. अक्षर तुमचंच हवंय त्यांना."

मी विचारले, "जाईला विचारलंस?"

"प्रणिताला विचारलं होतं तुम्ही?"

मी पेन त्याच्याकडे परत सरकवले. तेव्हा तो मवाळ आवाजात म्हणाला, "तुम्हाला बरं नसेल तर सांगा. टॅम्पिनीसला तुमच्यासाठीही खोली आहे. शांत. कोणी बोलत नाही तिथं." मग माझ्या गुडघ्याला तेल लावून दिले. तो लहानपणीही असाच होता. चिमटा काढून मग फुंकर घालावयाचा.

त्याच दिवशी अर्पणाच्या रीतीप्रमाणे जाईची सर्व पादत्राणे घरातून गेली. तिचे ओळखपत्र व फोन रोहनने काढून घेतला. तो कचेरीस जाताना लोखंडी दारास बाहेरून कुलूप लावतो. नंदाची किल्लीही त्याच्याकडे आहे.

मी लिहितो म्हणालो. सात दिवस रोज सकाळी कागद पुढे घेऊन बसलो, म्हणजे त्याचा संशय राहिला नाही. दहावे पत्र म्हणून मी लिहीत होतो ते हे.

काल दुपारी नंदा माझ्यापुढे बिस्किटांचा चौकोनी डबा ठेवून म्हणाली, "बाबा, यात काय आहे ते मला माहीत आहे."

मी म्हणालो, "माझ्या डब्याला हात लावलास?"

"डांबराच्या गोळ्या कोण बदलतं दर सहा महिन्यांनी? तुम्ही?"

डब्यात नऊ पत्रांच्या नकला आहेत. अर्जनवीस दस्त देताना नक्कल स्वतःपाशी ठेवतो. ही आमच्या धंद्याची सवय आहे. मूळ पत्रे आप्तगुरूंनी तुझ्या पलायनानंतर जाळली, असे रोहनकडून समजले. नकला आहेत हे त्यांना ठाऊक नाही. यिशुनच्या ज्या मेधाताईंनी तुला आसरा दिला, त्यांचा नंदाशी फोन होतो, हेही मला कालच कळले. तू तक्रार केलीस तेव्हा, नंदा सांगते, पोलीस तुला म्हणाले की या स्त्रिया स्वेच्छेने राहणाऱ्या भक्त आहेत, त्या पत्नी म्हणून दिल्या गेल्या याचा कागद दाखवा. कागद सोबत आहेत. नऊही माझ्या हस्ताक्षरात आहेत. प्रत्येकीवर बापाची सही, दोन साक्षीदारांची नावे, तारीख आहे. हे मी लिहिले असे कोठेही येऊन सांगण्यास मी तयार आहे. मला शिक्षा असल्यास ती घेईन.

नंदा पुढे म्हणाली, "त्या दिवशी वन्सं दाराशी होत्या, तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. तुम्ही फोन करताना ऐकलं. भाजी ढवळत राहिले. बाबा, ती भाजी मला अजून ढवळायला लावू नका." तिला एवढे बोलताना मी प्रथमच ऐकले. आज सकाळी तिने गॅसचा वास येतो असे सांगून इमारतीच्या व्यवस्थापनाच्या माणसास बोलावले आहे. तो अकरा वाजता कुलूप तोडील.

जाई शेजारी बसली आहे. तिला मराठी वाचता येत नाही, परंतु पाने मोजता येतात.

"आजोबा, स्टिल रायटिंग? लॉक तोडणारा अंकल येईल आता. सो लाँग फॉर व्हॉट, लाह?"

मी म्हणालो, "कागद पुरा व्हावा लागतो."

"मी तर पुरी आहे ना? मला पाठवा."

पायांत घालण्यास काही नाही, हे तिच्या लक्षात आले होते. नंदाच्या चपलाही रोहनने उचलल्या आहेत. माझ्या तेवढ्या राहिल्या, कारण म्हातारा कोठे जाणार. जाईने त्या घालून खोलीभर चालून पाहिले. "टू बिग. अग्ली सम मोअर. बट कॅन." मोठ्या आहेत, वर कुरूप, पण चालतील, असा अर्थ. हसली. तुझ्यासारखे हसते, खालचा ओठ आत घेऊन. हे मला एकोणीस वर्षांत दिसले नव्हते, असे नाही. बोललो नव्हतो.

चोआ चू कांगहून यिशुनपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, असे तिने सांगितले. गाडीचे कार्ड नंदाचे आहे. नंदाने मेधाताईंना फोनवर दिलेला निरोप येथे नोंदवतो : स्थानकावर त्यांच्यासह तू उभी राहावीस. ती साडेबारापर्यंत न पोहोचल्यास वाट न पाहता पोलिसांकडे जावे. नकलांशिवायही जावे.

रोहन सहा वाजता परत येतो. दारात तो प्रथम चपला पाहतो, ही त्याची सवय आहे. आज तेथे माझ्या चपला नसतील. तो काय विचारील हे मला ठाऊक आहे, आणि मी काय सांगणार हेही ठरलेले आहे. त्यानंतरचे ठाऊक नाही. माझ्याकडून पुढे कागद न आल्यास मी मौनात आहे असे समजावे, आणि ते मौन माझे नव्हे हेही समजावे.

क्षमा मागण्याचा मजकूर कसा बांधतात, मला येत नाही. चाळीस वर्षांत कोणी तसला दस्त लिहून घेण्यास आले नाही. तेव्हा मला जे येते ते करतो. नऊ पत्रांतील ती ओळ मी या पत्राने रद्द करतो, आणि तिच्या जागी पुढील ओळ वाचावी :

सदर कन्या कोणत्याही कारणाने परत आल्यास दार उघडावे, तिला नावाने हाक मारावी, आणि कोणासही फोन करू नये.

ही ओळ तुझ्या बाबतीत मी पाळली नाही. जाईच्या बाबतीत तू पाळावीस.

हे पत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले. दाराची घंटा वाजली आहे, कुलूप तोडणारा आला.

लिहून देणार : मनोहर गोविंद जवळकर, प्रणिताचा बाप.

समक्ष साक्षीदार :

१) जाई रोहन जवळकर, वय एकोणीस, जिच्याविषयी हा कागद आहे ती स्वतः. आजवरच्या नऊ पत्रांत मुलीची सही घेतली गेली नव्हती. हिची इंग्रजीत आहे, ती ग्राह्य धरावी.

२) सौ. नंदा रोहन जवळकर, तिची आई.

पहिली साक्षीदार सही करून कागदांसह निघत आहे. दुसरी साक्षीदार व लिहून देणार घरीच हजर आहेत.