खोगिराचा तंग

शिकारीचा तळ, अक-शिराक

बुबुसारा वहिनी,

परवा दादाला जाऊन वर्ष होईल. सागिनकाकांचा निरोप आला, "त्या काळ्या घोड्याला घेऊन ये. धन्याला पाडणारं जनावर! आपल्या रीतीप्रमाणे वर्षाच्या जेवणाला तोच कापू, निदान पातेल्यात तरी इमानाला जागेल." तुम्हीही हो म्हणालात, असं कळलं.

खोगीर चढवताना काळ्या पोट फुगवतो. श्वास सोडला की पोटाखालचा तंग ढिला पडतो, म्हणून चार पावलं चालवून तो पुन्हा आवळावा लागतो. दादा दर मोसमाला ओरडायचा, "अरे एमिल, लबाड श्वास धरून बसलाय, तू कशाला फसतोस?"

त्या सकाळी घोडे माझ्याकडे होते. पाहुण्या शिकाऱ्यांना कड्यावर रानबोकड दिसला, एकच गडबड उडाली, आणि मी तंग एकदाच आवळला. चढणीवर खोगीर फिरून पोटाखाली गेलं, आणि दादा दरीत. मी सगळ्यांना सांगितलं, घोडा बुजला.

यंदा मी प्रत्येक घोड्याचा तंग तीनतीनदा तपासतो. पाहुणे हसतात. झोपेतही बोटं पट्टा चाचपत असतात.

आज काळ्यावर दादाचं खोगीर चढवून, तंग एकदाच आवळून पाहिलं. चार पावलांनंतर तंगाखाली माझी तीन बोटं सहज गेली.

हे पत्र मी देणार नाही. दिलं, तर कागद तुमच्या हातात ठेवून मी मान खाली घालून निघून जाईन, मला माहीत आहे. परवा अंगणात, काकांनी सुरी काढण्याआधी, मी काळ्यावर खोगीर चढवीन, तंग एकदाच आवळीन, त्याला चार पावलं चालवीन आणि तुमचाच हात त्या तंगाखाली घालायला सांगेन.

तुमचा दीर,
एमिल