टिंबाची सिस्टिम

२ जून, सकाळी ७.१०
आजपासून स्वतःची ट्रेडिंग सिस्टिम. नाव ‘निर्भय’. गेल्या वर्षीच्या भावांवर तपासून पाहिली. चाळीसपैकी चाळीस सौदे बरोबर! (कुठला शेअर वर गेला ते आधीच ठाऊक होतं, पण त्यामुळे सिस्टिमला कमीपणा येत नाही.)
नियम पहिला: घाबरायचं नाही. नियम दुसरा: निम्मे पैसे राखीव.
भांडवल बायकोचं. सहा वर्षं पडदे आणि गणवेश शिवून तिने शिवणकामाच्या दुकानाचं डिपॉझिट साठवलंय. भरायचंय महिनाअखेर. तोवर नुसतं पडून राहणार. दुप्पट करून देतो म्हटलं. ही म्हणाली, दुप्पट नकोत, तेवढेच परत द्या.
महत्त्वाकांक्षा नाही.

४ जून, ९.२०
पहिली खरेदी. बटण दाबायला गेलो तर बोट हलेना. पंख्याने गारठलं असावं. शेवटी ही भांडी घासता घासता आली आणि ओल्या बोटाने दाबून गेली.

५ जून
भाव किंचित उतरला. बाथरूममध्ये जाऊन बसलो. पोट बिघडलंय.

९ जून
पोट रोज बरोबर नऊलाच बिघडतं. म्हणून नवी व्यवस्था: मी डोकं, ही बोट. मी आत मोबाइलवर भाव बघणार, दाराखालून चिठ्ठी सरकवणार, ही बाहेर कॉम्प्युटरवर बटण दाबणार. वेळ वाचावा म्हणून कोड. सगळं विकायचं तर ‘विक’. उरलेल्या सगळ्या पैशांचं विकत घ्यायचं तर ‘विक.’ टिंबासकट. हिने विचारलं, सरळ ‘घे’ लिहिलं तर काय बिघडतं? प्रोफेशनल पद्धत हिला काय कळणार!
नियम तिसरा: बोटाने डोकं चालवायचं नाही. दोनदा बजावलं.

१२ जून
भाव वर. दोघांचा चहा निघेल इतका नफा. दुपारपाळीच्या नोकरीच्या राजीनाम्याचा मसुदा तयार. फाइलला नाव दिलं ‘वीजबिल’.

१६ जून, ९.४०, बाथरूम
आपण शेअर घेतलेल्या कंपनीच्या कारखान्याला आग लागल्याची बातमी. भाव धाडकन खाली. घाबरलेलो नाही. घाम उकाड्याचा आहे. दात वाजतायत ते कशाने कळत नाही.
हिची सहा वर्षं आहेत ही. देवा, फक्त तेवढे परत मिळू देत.
विकायचं ठरवलं. चिठ्ठी सरकवली.

९.५५
अजून पडतोय. पडू दे! आपण सुटलो.

११.००
शीळ घालत बाहेर आलो. स्क्रीनवर आपले शेअर विकलेले नाहीत, उलट दुपटीहून जास्त झालेले. राखीव निम्म्याचेही घेतलेले.
चिठ्ठी पाहिली. ‘विक’च्या पुढे टिंब. हात थरथरताना पेन टेकलं असणार. ही म्हणाली, मला वाटलंच होतं की विकायचं असेल, आतून तुमचा रडका आवाज येत होता. पण बोटाने डोकं चालवायचं नाही ना, म्हणून टिंब बघितलं आणि दाबलं.

१८ जून
विकलं. या वेळी ओरडून सांगितलं. तिसरा हिस्सा उरला.
निष्कर्ष: सिस्टिम चोख. दोष पेनचा. जेल पेन आणणे.

२३ जून
डिपॉझिट जमणार नाही म्हटल्यावर दुकानाचा गाळा केस कापणाऱ्याला गेला. हिने मोजपट्टी गुंडाळून डब्यात ठेवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सकाळपासून घरात पाऊल न वाजवता चालतोय.
लिहूनच टाकतो. भीती वाटते. बाजाराची वाटायची त्याहून जास्त. नियम पहिला खोडला.

३० जून
कॉम्प्युटर माळ्यावर. त्याच्या टेबलावर हिचं शिलाई मशीन. दुकान आता घरातच.
नऊ वाजले. पोट ठीक. हिने गणवेशांच्या गठ्ठ्यावर चिठ्ठी ठेवली होती: ‘बटणं लावा.’ पुढे टिंब. भीत भीत विचारलं, या टिंबाचा अर्थ काय?
मान वर न करता म्हणाली, वाक्य संपलं.
लावली. अकरा बटणं. दोन आतल्या बाजूने लागली, ती उसवून परत लावली.