कचेरीच्या उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

आबा, इंदापूरच्या ज्या दगडी कचेरीच्या दारात तुम्ही शिपायाचा पट्टा लावून उभा जन्म काढलात, तिथे आता मी खुर्चीवर बसते. एवढं ऐकून बरं वाटेल तुम्हाला, पुढचं ऐकून रागवाल. मामलेदार नव्या इमारतीत गेले, मग कित्येक वर्षं तिथे रेशनच्या गव्हाची पोती होती. बायकांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्यापासून तिथे नव्या मेंबरांचे वर्ग भरतात. ते मी चालवते.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी आठ वर्षांची आहे, तुमच्या दाराशी बसलेय. मेंढरं कोंडवाड्यात घातली म्हणून आजोबा अर्ज घेऊन निरवांगीहून आलेत. खांद्यावर घोंगडं, पायात नव्या करकरीत वहाणा. तुम्ही सख्ख्या बापाला उंबऱ्यावर अडवता. "तात्या, वहाणा भाईर काढा. सरकारचं घर हाय हे." आत साहेब बूट घालून फिरतायत. आजोबा अर्ज देऊन बाहेर आले, तर वहाणा गायब. "ऱ्हाऊ दे, पाय हायती की," असं म्हणून ते भर उन्हात अनवाणी गावाकडे निघाले आणि तुम्ही दारातून हलला नाहीत. मला त्याचा अजून राग येतो, आबा. तुम्ही गेलात तरी तो गेला नाही.

आता माझ्या पहिल्या वर्गाच्या दिवशीचं सांगते. निरवांगीचीच एक मेंबर उंबऱ्याशी थबकली, चपला काढून हातात धरल्या.

"बाई, कचेरी हाय न्हवं ही?"

"व्हती. आता तुमची हाय. घाला पायात."

तुमच्या हाताखाली शिकलेला म्हातारा शिपाई मध्ये पडला. "ताई, आबांच्या वक्तापास्नं रीत हाय."

"मग आबांचीच लेक सांगतीय, मोडली रीत."

सगळ्या बायका चपलांसकट आत आल्या. उसाच्या रानातली माती फरशीभर झाली. दिवसभर मी ती झाडू दिली नाही. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, तुम्हालासुद्धा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. सकाळी कुलूप मीच काढते. तेव्हा तिथे कोणी नसतं. तुम्ही उभे राहायचात तिथे आले, की माझ्या चपला आपोआप पायातून निघतात. बायका यायच्या आत मी त्या घाईघाईने पुन्हा घालते.