गेटमनचं पुढं काय झालं

ता. ६ जानेवारी ७५
नवीन वही. मागच्या वर्षीची संक्रांतीपर्यंत टिकली होती, ही बघू.
सकाळची हिंगोली–पुसेगाव एस.टी., वेळेवर. पुसेगावला वीस मिनिटं थांबा. सरूबाईच्या हॉटेलात चहा आणि आमचा रोजचा खेळ. मी विचारायचं, "सध्या काय वाचून राहिले?" ज्यानं त्यानं सांगायचं. नियम माझे. शाळेचं, परीक्षेचं, पोथीचं चालणार नाही. निव्वळ गोडीनं वाचलेलं पाहिजे.
नलिनीबाई (पुसेगावच्या शाळेवर आहेत, रोज आमच्याच गाडीनं येतात) हिमालयाच्या प्रवासाचं पुस्तक तिसऱ्यांदा वाचतायत. "मास्तर, बर्फ कधी बघितला न्हाई, पन वाचताना पाय गार पडतात बघा." मी एक ऐतिहासिक कादंबरी, पान ४०. राजा अजून दरबारातून उठलेला नाही. उठेल असं वाटत नाही.
रशीदभाई आमचे ड्रायव्हर, मी कंडक्टर. त्यांची उर्दू जासुसी कादंबरी सीटखाली असते. वरचं पान नाही, पहिली चार पानं नाहीत, नाव कुणालाच ठाऊक नाही. "बिनटोपी की किताब है मास्टर, पन अंदर दिमाग है."
सरूबाईला सहज विचारलं. ती साखर टाकत म्हणाली, "मी व्हय? मी रशीदभाई वाचून राहिले." सगळे हसले. पण खरं आहे. तिला अक्षर येत नाही, आणि र.भा. रोज त्या वीस मिनिटांत कादंबरीचा पुढचा तुकडा सांगतात. आम्ही सगळेच त्यांना वाचतो.

१४ जाने.
संक्रांत. सरूबाईनं तिळगूळ दिला. र.भा. असे रंगले की मी, रोज घड्याळावर डोळा ठेवणारा माणूस, तीन मिनिटं उशिरा बेल दिली. आजवर असं झालं नव्हतं. उशिराचं कारण काय लिहायचं? जासूस अजून विहिरीत होता, असं?
गोष्ट अशी: शहरातला एक घड्याळजी नाहीसा झालाय. जासूस त्याला शोधत आडवळणाच्या स्टेशनवर उतरतो. एवढंच. पण र.भा. सांगतात तेव्हा स्टेशनवरच्या माठाचं पाणीसुद्धा गार लागतं. हात हलवत नाहीत, आवाज चढवत नाहीत. बशीत चहा ओततात, फुंकर मारतात, आणि तेवढ्यात कुणीतरी मरतं. तेवीस वर्षं चाक धरलेला माणूस, ही कला कुठं शिकला कोण जाणे. मी तर थक्क होतो.

२२ जाने.
आज गोष्टीत नवा माणूस आला. रेल्वे फाटकावरचा म्हातारा गेटमन. त्याची नजर गेलीय, पण कुणालाच माहीत नाही. रुळाला हात लावून, आवाजावरून गाडी ओळखतो. मालगाडी, पॅसेंजर, मेल. फाटक लावतो, झेंडी दाखवतो, सगळं बराबर. घड्याळजी पळून गेला तो याच फाटकातून, आणि एकमेव साक्षीदार हा. दिसत नाही म्हटलं तर नोकरी जाते. दिसतं म्हटलं तर खोटी साक्ष.
सरूबाईचं दूध उतू गेलं. "अगं माय, सांगून टाक म्हनावं त्याला!" र.भा. उठले, म्हणाले, "इतना आसान नक्को समजो, बाई."
नलिनीबाई परतीत म्हणाल्या, असा माणूस आपल्याकडच्या लेखकाला सुचायला हवा होता. मला पटलं.

३० जाने.
दोन गोष्टी लिहून ठेवतो.
एक, संध्याकाळच्या फेरीत र.भां.नी गाडी थांब्याच्या खांबाच्या बरीच पुढं नेऊन थांबवली. म्हाताऱ्या पळत आल्या, मला शिव्या.
दोन, पुसेगावच्या अलीकडं वेग कमी केला आणि मला विचारलं, "मास्टर, वो कौन हाथ दिखा रहा?" कोणीच नव्हतं. बाभळ होती.
हसण्यावारी नेलं. त्यांनीही.

७ फेब्रु.
चोरी केली. र.भा. जुम्म्याच्या नमाजाला गेले तेव्हा सीटखालची बिनटोपी उचलून पिशवीत टाकली. कारण गेटमन. त्याचं काय होतं ते कळेपर्यंत मला दम निघेना. मागितली होती एकदा, तर म्हणाले, "नक्को, पैले खतम होने दो."
उर्दू मला येते. यायची म्हणू. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतच होती. आमच्या वस्तीतली पोरं दाराबाहेर बसायची. मौलवीसाहेब एक दिवस म्हणाले, "बाहर से तख्ती दिखती क्या तेरेकू? अंदर बैठ." सगळ्या वर्गासमोर म्हणाले. ते आत बसणं मी विसरलेलो नाही, अक्षरं मात्र पुष्कळ विसरलोय.

१० फेब्रु.
अकरा पानं. बोट ठेवून, पुटपुटत. छपाई इतकी बारीक की माझेच डोळे पाणावले. बायको सुभद्रा म्हणाली, "या वयात कशाची परीक्षा देऊन राहिले तुमी?"
नवल हे की तीन दिवस पुस्तक जागेवर नाही, आणि र.भां.नी शोधलंही नाही. गोष्ट रोज चालूच.

१६ फेब्रु.
रात्री जागून पुस्तक संपवलं. नोकरानं मारलं घड्याळजीला, पैशासाठी. असल्या गोष्टी आमच्या डेपोतला झाडूवालासुद्धा रचेल.
गेटमन नाही. कुठल्याच पानावर नाही. फाटक नाही, रूळ नाहीत. दोनदा चाळून पाहिलं.
एकतिसाव्या पानात खूण म्हणून कॅलेंडरचं पान घातलंय. ऑक्टोबरचं. म्हणजे ऑक्टोबरपासून र.भां.नी पुढचं अक्षर वाचलेलं नाही. वाचता येत नाही. तेव्हापासूनचं सगळं त्यांनी स्वतः रचलंय. विहीर त्यांची, माठ त्यांचा.
आणि गेटमन म्हणजे ते स्वतः.
पुस्तक मांडीवर घेऊन किती वेळ बसलो ते कळलं नाही. आधी अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू. माझा माणूस त्या छापील लेखकापेक्षा किती मोठा! मग ती बाभळ आठवली.

१७ फेब्रु.
सुभद्राला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "रशीदभाईनं तुमाला भावासारखं वागवलं, सगळं खरं. पन त्या गाडीत पन्नास मानसं बसतात. तुमी बसता. आपल्याला लेकरं हायेत."
मी म्हटलं, साधी चाळिशी असेल, लांबचं दिसत असेल.
"मग बाभळ काहून दिसली न्हाई?"
बायको वकील व्हायची ती माझ्या नशिबी आली.
डेपोच्या साहेबांना सांगावं तर र.भां.चं चाक जाणार, अजून सहा वर्षं नोकरी. न सांगावं तर. पुढं लिहवत नाही.

२० फेब्रु.
आज बोललो. गाडी रिकामी असताना पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "रशीदभाई, वाचली मी. यात गेटमन न्हाई."
त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं. खुणेचं पान चाचपून पाहिलं, बोटांनी.
"पूरी पढ्या?"
"पूरी."
"कैसी है?"
"तुमच्यापुढं काहीच न्हाई."
हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. म्हणाले, "चोरी करके पढ्या, और अब हिसाब मांगता." गाडी सुरू केली. मी बेल द्यायच्या आधीच.

२४ फेब्रु.
चार दिवस गोष्ट बंद. र.भा. चहा घेतात आणि गाडीत जाऊन बसतात. हॉटेलात शोककळा. सरूबाई माझ्यावरच डाफरली, "तुमीच काहीतरी बोलले आसन!" खेळ चालवून पाहिला. नलिनीबाईंनी सांगितलं काय वाचतायत ते, कुणी ऐकलं नाही. मीही नाही.
गाडी मात्र जपून चालवतात. प्रत्येक वळणावर मी पायरीवर उभा राहून बाहेर बघतो. "डावीकडं बैलगाडी," "पुढं शेळ्या." ते "हौ" म्हणतात. एवढंच बोलणं. म्हणजे आता दोघं मिळून चोरी करतोय.

३ मार्च
महाशिवरात्रीची ड्युटी लागली. औंढ्याच्या जत्रेला जादा गाड्या. आमची जोडी चार फेऱ्यांवर. नागनाथाची गर्दी मला माहीत आहे. माणसं रस्त्यातच चालतात, लेकरं खांद्यावर, कुणी हॉर्न ऐकत नाही.
ठरवलं. आठ तारखेपर्यंत र.भा. स्वतः नाही गेले तर मी साहेबांकडे जाणार. हे त्यांना सांगितलं. पाठीमागून करणार नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, "तू जाएगा?" म्हटलं, "जाईन." मौलवीसाहेबांनी आत बसवलेला मुलगा आज कुणाला बाहेर काढायला निघालाय, असं मनात आलं. तरीही जाईन.

७ मार्च
आज सकाळी पुसेगावला र.भा. हॉटेलात येऊन बसले. बशीत चहा ओतला. सरूबाईनं चूल सोडली, नलिनीबाईंची शाळेची वेळ झाली होती तरी थांबल्या.
म्हणाले, फाटकावर एके दिवशी दोन गाड्या एकदम आल्या. दोन्हीकडून. आवाजात आवाज मिसळला. गेटमननं रुळाला हात लावला, रूळ थरथरला, पण कुठली कुठून ते कळेना. फाटकात वऱ्हाडाच्या बैलगाड्या उभ्या. त्यानं झेंडी उचलली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाला झेंडी दाखवतोय तेच आपल्याला माहीत नाही.
थांबले. मी घड्याळ बघितलं नाही.
"फिर?" कुणीतरी विचारलं.
"फिर क्या. कोई नहीं मरा, अल्ला की मेहरबानी. पन उस दिन वो जासूस के पास गया, और बोला, मेरेकू नहीं दिखता. झेंडी ले लो."
सरूबाईनं पदर तोंडाला लावला. "आन् मंग? काढला का त्याला?"
"वो कल," म्हणाले.
हिंगोलीला गाडी लावली. माझ्याकडं न बघता साहेबांच्या खोलीत गेले. मी बाहेर बाकावर. बऱ्याच वेळानं आले, चावी हातात नव्हती. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, चाय पिला." मी रडलो. भर डेपोत, युनिफॉर्मवर.

१२ मार्च
जत्रा पार पडली. दुसरा ड्रायव्हर, चांगला पोरगा, तोंड उघडत नाही. माणूस न् माणूस सुखरूप. औंढ्याच्या वळणावर एक लेकरू गाडीसमोरून पळालं. ड्रायव्हर पोरानं ब्रेक दाबला. मी डोळे मिटले होते. र.भां.चं नाव घेतलं मनात.
र.भां.ना डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू. उजवा पिकलेला, डाव्यात सुरुवात. परभणीला दाखल.

२० मार्च
सुटी. परभणीला जाऊन आलो. ऑपरेशन उजव्याचं झालं, पट्टी मात्र दोन्ही डोळ्यांवर. पायाच्या आवाजावरून ओळखलं मला. "मालगाडी आया," म्हणाले.
बिनटोपी नेली होती. एकतिसाव्या पानापासून वाचून दाखवली, अडखळत. माझे उच्चार ऐकून शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत हसत होता. नोकरानं खून केला तिथवर आलो, तर र.भा. म्हणाले, "बस कर. किसने लिखी ये बकवास?"
म्हटलं, तुम्ही लिहा मग. "लिखने को दिखना मंगता," म्हणाले. चाक परत मिळेल का, विचारलं डॉक्टरांना. पट्टी सुटू द्या, मग बघू. ऑफिसातही तेच, मग बघू.
मी निघालो तेव्हा र.भा. म्हणाले, "पुसेगाववाले पूछते?"
"रोज विचारतात."
"तो तू बता उनको. मैं इधर पडा, किताब तेरे पास."

२२ मार्च
सांगितलं. मला कुठं येतं सांगायला! बशीत चहा ओतला, तोंड भाजून घेतलं.
सरूबाई: "काय झालं गेटमनचं?"
"नोकरीवरून काढला न्हाई अजून. दवाखान्यात नेला. आपरेशन झालं. सोमवारी पट्टी सुटते."
नलिनीबाईंनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, मग बाहेर गाडीतल्या ड्रायव्हरच्या सीटकडं बघितलं. त्यांना कळलं. बाकीच्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही. र.भा. रजेवर आहेत एवढंच त्यांना माहीत.
बेल द्यायला निघालो तर सरूबाई मागून आली, पदराखालून नारळ काढला. "मास्तर, तुमची गाडी औंढ्याला जाते. नागनाथाला वाहा एवढा. त्याला दिसू दे म्हनावं."
"कुणाला?"
"आता बाई! गेटमनला."
मी देवळात जात नाही. आम्ही देव सोडले त्याला अठरा वर्षं झाली. हे तिलाही ठाऊक आहे. नारळ घेतला. तिकिटांच्या पेटीत बसला नाही म्हणून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलाय, पुस्तक असायचं तिथं. उद्या औंढ्याची फेरी आहे.