ड्रायव्हर सापडत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार
टीव्ही गेला! कॉम्प्युटर चालू आहे, पण छतावरच्या छत्रीचं चित्र त्यात येत नाही. सुनेनं, हेमलतानं, जळगावहून दिलेलं हे खोकं — आत टीव्हीचं कार्ड आणि लिनक्स का काय ते. काल त्यानं विचारलं, अपडेट करू का? मी हो दाबलं. बोटच मोडायला हवं माझं.
माझा म्हातारा खाटेवरून काळ्या पडद्याकडे बघत बसला. एकतीस वर्षं एसटी चालवली, सोनगीरच्या फाट्यावरून शिव्या देत जायचा. अर्धांगानंतर आठ महिने झाले, तोंडातून शब्द नाही. खिचडी मात्र वाटीभर खाल्ली.

४ फेब्रुवारी
हेमलताचा फोन. माझे दोन्ही हात बटणांवर, म्हणून फोन मोठ्या आवाजात म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवला. ती एकेक अक्षर सांगते, मी चौथी शिकलेली, शोधून शोधून दाबते. यंत्र म्हणतं, सापडत नाही. नीट शोध ना मेल्या! मग कळलं, आडव्या रेघेआधी मोकळी जागा सोडायची होती.
"आई, ड्रायव्हर जुना झालाय. त्याचा आता काही उपयोग नाही. आधी त्याला काढू, मग नवा आणू."
म्हटलं, "काढ बाई एकदाचा. नुसता डोक्याला ताप!"
संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून दिली. तोंड उघडलं नाही.

५ फेब्रुवारी
खात नाही. पाणी दोन घोट, तेही ओघळलं. टीव्हीचा रुसवा, दुसरं काय! पण हात गार लागला. भीती वाटते. इथं लिहिते, सांगू कोणाला?

६ फेब्रुवारी
टीव्ही आला! हेमलतानं नव्या ड्रायव्हरची फाईल धाडली, सांगितल्या जागी टाकली, यंत्र बंद करून चालू केलं — बाई बातम्या सांगायला लागली. मी टाळ्या पिटल्या.
म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.
वरणाचं पाणी ओठाला लावलं. दात आवळलेले. शिव्या दिल्या, मग हात जोडले.
म्हणजे टीव्हीसाठी नव्हतंच. मग कशासाठी?

७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. "उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर धुळ्याला न्या. नाकातून नळी घालावी लागेल. उशीर करू नका, अक्का."
पिशवी भरली. सदरा, टॉवेल, दवाखान्याचे कागद. तो डोळे न हलवता बघत होता. दोनदा नाकाशी बोट धरलं, श्वास आहे ना म्हणून. चावला असता तरी बरं वाटलं असतं.

८ फेब्रुवारी
गाडी दारात आली. मी पिशवी उचलली. म्हातारा बोलला! जीभ जड, पण नीट कळलं, कधी म्हणून विचारत होता —
"नवा डायवर कव्हय येणार शे?"