माझी पट्टी

ताई,

काल आपल्या भागातल्या कलामहोत्सवात मी एकटीच गायले. "माझ्याशिवाय तुझा आवाज टिकायचा नाही," म्हणत तू ऐन वेळी अंग काढून घेतलंस, तरी मी नाव मागे घेतलं नाही.

पेटीवाल्या काकांनी सवयीने तुझीच पट्टी धरली. वरच्या सुराला माझा आवाज फाटला, नेहमीसारखाच. मागून कुणीतरी ओरडलं, "थोरलीला बोलवा!"

मी थांबले. कारखान्यात मी विजेच्या मोटारी तपासते. एखादी मोटार दरवेळी त्याच भाराला बंद पडली, तर मी तिला नावं ठेवत नाही, भार कमी करते.

"काका, खालची पट्टी घ्या, पांढरी चार."

"अगं, भर कार्यक्रमात?"

"हो, आत्ताच."

मग आवाज कुठेच अडला नाही. एवढी मजा मला तुझ्याशेजारी उभं राहून कधीच आली नव्हती. गाणं संपल्यावर काका म्हणाले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस, बाई?"

हे पत्र मी पाठवणार नाही. रविवारी तुझ्याकडे येऊन समोर बसून सांगेन. पुढच्या वर्षी दोघी गाऊ, पण अर्धी गाणी माझ्या पट्टीत. ते जमणार नसेल, तर मी पुन्हा एकटी गाईन.

तुझी,
धाकटी